टँकर तुकडीतला चौथा

३ नोव्हेंबर, सोमवार

चिलखताचा गुडघा तिसऱ्यांदा खोलला. पाय वाकवला की पत्रा मांडीला चावतो. बसची बॉडी परवडली — तिला गुडघे नसतात!

अमरनाथ आजही आला नाही. अंगावर घालून बघितल्याशिवाय चिलखत बसत नाही, आणि ज्याच्यासाठी करतोय त्याचा पत्ता नाही. शेवटी माझ्याच पायाला बांधून बघितलं. पत्र्याचे दोन खिळे, रिबेट, खाली घेतले. बसलं.

निवृत्त होऊन चार महिने झाले. चौतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात पत्र्याचं काम — चेपलेली गाडी आत, सरळ गाडी बाहेर. संध्याकाळी जॉबकार्ड लिहायची सवय. आता कार्ड कोण मागतंय, म्हणून ही वही. घरात बसवत नाही. आमच्या मंडळी, केशरबाई, म्हणतात, कट्ट्यावर जाऊन बसा की बाकीच्यांसारखं. गेलो होतो दोन दिवस. तिथं सगळे आपापली साखर किती ते सांगतात. माझीही सांगून आलो.

५ नोव्हेंबर

पोरांच्या नादाला लागून तीन महिने होत आले. श्रावस्ती — धाकट्या भावाची मुलगी, फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते — ऑगस्टमध्ये एक हेल्मेट घेऊन आली होती. 'काका, ह्याची कड धरत न्हाय, बघता का?' चपलेच्या तळव्याला लावतात तसल्या फोमचं हेल्मेट. गरम करून वाकवलेलं, सोल्यूशननं चिकटवलेलं. वर असा रंग की बघणाऱ्याला लोखंड वाटावं. मी हातात घेतलं आणि हसूच आलं. पावशेर वजन नाही!

मग कळलं की असं करणारे देशभर आहेत. पुढच्या जमान्यातल्या सैनिकांची चिलखतं घरी बनवायची, घालायची, मिरवायची. फोनवर एकमेकांना सांधे दाखवतात, चुका विचारतात. कुणी कुणाला हसत नाही. ते मला आवडलं.

आमच्याकडं चौघं. श्रावस्ती. प्रेम, ढोकीच्या साखर कारखान्यात लॅबला आहे, अंगाला मळीचा वास घेऊनच येतो. सिद्धेश्वर, मोबाइल दुरुस्त करतो, हेल्मेटमधले दिवे त्याचे. आणि अमरनाथ, भूमला औषधाच्या दुकानात. कथा श्रावस्तीची — साल चोवीसशे पंचवीस, कोरडा ग्रह, पाण्याचा शेवटचा टँकर आणि त्याची राखण करणारी चौघांची तुकडी. मी म्हटलं, चारशे वर्षांनीही टँकरच का? तर म्हणते, 'काका, आपल्याला दुसरं काय ठावं हाय?'

पंचवीस जानेवारीला पुण्यात मेळावा आहे. तुकडी चौघांचीच लागते. तिघांची चिलखतं फोमची, अमरनाथचं तेवढं खऱ्या पत्र्याचं. अॅल्युमिनियमचं. ते माझ्याकडं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रेमशी वाजलं आज.

छातीचा पत्रा पूर्ण झाला. एक सुरकुती नाही. प्रेमनं हात फिरवला, खूष झाला, आणि म्हणाला, 'आता ह्याला पाच-सा पोचे पाडू.' मला वाटलं चेष्टा करतोय. नाही! त्यांच्यात रीतच आहे तशी. नवं चिलखत झालं की ते जुनं करायचं. कडा घासायच्या, काळा रंग टिपायचा, गंजाचे ओघळ काढायचे. लढाई बघितलेलं दिसलं पाहिजे म्हणे.

चौतीस वर्षं पोचे काढून पोट भरलं मी. समोरून ट्रकनं ठोकलेल्या गाड्या अशा सरळ केल्या की ड्रायव्हरला कळू नये कुठं लागलं होतं. आणि आता मीच हातोडा मारू? तुझ्या फोमला पाड म्हटलं. तो फुगून बसला, मीही. श्रावस्तीनं चहा मागवला आणि विषय काढलाच नाही पुन्हा. हुशार आहे.

११ नोव्हेंबर

एक पोचा पाडला. मीच. डाव्या खांद्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

पोटाचा पत्रा बसवला. पोरं आली होती, अमरनाथ सोडून. सिद्धेश्वर बराच वेळ बघत राहिला आणि मला घाम फुटला. पत्रा पुढं चांगला चार बोटं फुगलेला. अमरनाथ काटकुळा पोरगा, त्याला एवढं पोट कशाला? पण तो येत नाही, घालून बघायला मीच, मग पत्रा माझ्या पोटावरून गेला. खांदेही माझेच झाले. पायही माझेच. रोज थोडंथोडं. आज लांबून बघितलं तेव्हा दिसलं — हा तर मीच उभा आहे.

सिद्धेश्वर म्हणाला, 'पाण्याची टाकी व्हय काका? लई भारी.'

टँकर संपला तर राखणदाराच्या पोटाशी राखीव पाणी! श्रावस्तीनं तिथंच कथेत घालून टाकलं. तिघं टाळ्या देत बसले. मी व्हय म्हणालो. काय म्हणणार?

१७ नोव्हेंबर

पोटाला झाकण आणि तोटी बसवली. आता टाकीच ती.

३० नोव्हेंबर, रविवार

येडशीला रामलिंगाच्या बाजूला फोटो काढायला गेलो. मेळाव्याला अर्जासोबत चौघांचा फोटो लागतो. सकाळी सात वाजता निघालो. अमरनाथचा फोन — दुकानाचा मालक गावाला गेला, सुट्टी नाही. पोरांची तोंडं उतरली. मग श्रावस्ती म्हणाली, 'काका, फोटूपुरतं तुमी उबं राहा. हेल्मेटमधी कोन हाय ते कुटं दिसतंय.'

मी आढेवेढे घेतले. दोन वेळा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नसतं तर काय केलं असतं देव जाणे. घातलं. सगळे पट्टे पहिल्या फटक्यात बसले आणि त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही! प्रेम तर म्हणाला, चला, अमरनाथलाबी बसंल मग.

हेल्मेटच्या आत आपलाच श्वास ऐकू येतो. बाजूचं दिसत नाही, पायाखालचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. मी टँकरच्या — म्हणजे प्रेमच्या चुलत्याच्या उसाच्या ट्रॉलीच्या — बाजूला उभा राहिलो आणि पाठ ताठ झाली. कुणी सांगितलं नव्हतं. दर्शनाला आलेल्या बाया थांबल्या. एक म्हातारा जवळ आला, पत्र्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, खरं हाय की. त्याला हेल्मेटमधून मान हलवून दाखवली.

माकडांनी सिद्धेश्वरच्या हातातलं फोमचं मनगट पळवलं. झाडावर बसून फाडून खाऊन बघितलं. माझ्या पत्र्याला एकानं दात लावला आणि सोडून दिला. परत येताना सगळे हसत होते, मीही हसलो, पण चिलखत काढताना मला राग येत होता. कुणाचा ते कळेना.

१ डिसेंबर

सकाळपासून तीनदा शेडमध्ये गेलो, तीनदा काही न करता परत आलो.

मला ते घालायचंय. झालं, लिहिलं. फोटोपुरतं नाही. पुण्यात, चालायचंय त्यांच्याबरोबर. अठ्ठावन्न वय, गुडघे असे, पोट असं. पोरांना काय सांगू? काम अमरनाथचं म्हणून घेतलं. दुसऱ्याचं काम घेऊन आपल्या मापाचं करायचं — वर्कशॉपात कुणी असं केलं असतं तर मीच त्याला चार शब्द सुनावले असते.

६ डिसेंबर

विहारात गेलो होतो वंदनेला. वर्कशॉपातला एक जुना सहकारी भेटला. काय चाललंय म्हणाला. काही नाही म्हटलं. त्यानं मान डोलावली, म्हणाला आराम करा आता. तेच ऐकायला नको असतं.

१९ डिसेंबर

अर्ज भरला. श्रावस्तीनं आमच्या ओट्यावर बसून फोनवर भरला, मोठ्यानं वाचत वाचत. घालणारे चार. आणि एक पाठराखा. पाठराखा म्हणजे चिलखताच्या मागं चालणारा — पायरी आली की सांगायचं, नळीनं पाणी पाजायचं, खिशात स्क्रू-डायव्हर आणि सोल्यूशन ठेवायचं. हेल्मेटमधल्या माणसाला दिसत नाही ना. तिथं माझं नाव टाकलं तिनं. विचारलंही नाही. 'काका तर हाइतच' म्हणाली, मायेनं म्हणाली, आणि पुढं गेली.

केशरबाई दारात गहू निवडत होती. तिनं वर बघितलं, माझ्याकडं. मग परत सुपात. तिला हे सगळं भांड्यांचा खडखडाट वाटतो. एकदा म्हणाली होती, एवढ्या पत्र्यात दोन कोठ्या झाल्या असत्या. हेल्मेटचं अस्तर तेवढं तिनं शिवून दिलं, जुन्या दुलईचं. छान शिवलंय.

२८ डिसेंबर

काही सुचत नाही. चिलखत पुसलं. परत पुसलं.

११ जानेवारी, रविवार

अमरनाथ आला. शेवटी! चौदा दिवस राहिले असताना!

चांगला पोरगा आहे. पाया पडला. माझ्यासाठी भूमहून पेढे आणले. दुकानात तीन दिवसांची सुट्टी मागून ठेवलीय, आईला सांगितलंय, गावातल्या मित्रांना सांगितलंय. मग घातलं त्यानं. खांद्यावरून पत्रे उतरायला लागले. गुडघा नडगीवर आला. पोटाच्या टाकीत तर त्याच्या दोन मुठी मावल्या. मी पट्टे आवळत बसलो, आवळून काय होणार! शेवटी अमरनाथनं हेल्मेट काढलं. चेहरा लाल.

'काका, माझं माप तुमी लिवून घेतलं व्हतं की.'

घेतलं होतं. वहीच्या पहिल्याच पानावर आहे. मी म्हणालो, चुकलं माझं. आठ दिवसांत कापून बारीक करून देतो.

'टाकीबी काढाल?' सिद्धेश्वर हळूच म्हणाला.

काढतो म्हटलं. टाकीला काय.

१२ जानेवारी

पोटाच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारली. अमरनाथचं माप. रेघेच्या बाहेर राहिला तो सगळा मी. कात्री काढली, धार लावली. जेवायला गेलो. परत आलो. धार परत लावली.

एक बाजू कापली. चार बोटं. आवाज कसा येतो पत्रा कापताना, चौतीस वर्षांत पहिल्यांदा नको वाटला.

१३ जानेवारी

दुसरी बाजू कापायला बसलो होतो. केशरबाई शेडमध्ये आली. कधी येत नाही. उभी राहिली. मग कात्री घेतली माझ्या हातातून, सरळ, जसं काही ती तिचीच.

'तुमाला घालायचंय का न्हाय? येवढंच सांगा.'

मी म्हणालो पोरांचं आहे ते. म्हणाली, 'पोरांचं न्हाय इचारलं म्या.'

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी व्हय म्हणालो.

मला वाटलं हसेल. हसली नाही. तिनं कात्री खिळ्याला अडकवली. मी म्हटलं, तूच सांग श्रावस्तीला, तुझं ऐकते ती.

'म्या न्हाय सांगनार,' म्हणाली. 'तोंड तुमचं हाय.'

१४ जानेवारी

सांगितलं.

फ्लेक्सच्या दुकानावर गेलो. संक्रांत म्हणून अमरनाथही सुट्टी काढून आला होता, माप द्यायला. बरंच झालं. दोघांसमोर सांगितलं. मी ते चिलखत चुकून माझ्या मापाचं केलेलं नाही. सुरुवातीला असेल चुकून, पण रामलिंगाच्या आधीपासून मला कळत होतं. मला घालायचंय ते.

अमरनाथ चिडला आणि चिडायलाच हवं होतं. 'दोन म्हयनं झालं काका. दोन म्हयन्यात येकदा सांगायचं. म्या दुसरं केलं असतं. आता गावाला काय तोंड दाखवू?' उभा राहिलो. घरी ये, शिव्या दे, म्हटलं. तो उठून गेला, गाडी काढली.

श्रावस्तीनं खुर्ची दिली. रडत होती. मला म्हणाली, 'आमी इचारलंच न्हाय तुमाला. कसं सुचलं न्हाय.'

१६ जानेवारी

अमरनाथचा मेसेज. एकच ओळ. 'पाठराखा मी. पण पुढच्या वर्षीचं माप माझ्या अंगावर घ्यायचं.'

तीनदा वाचला. मग कापलेली बाजू परत जोडायला बसलो. आतून पट्टी, बाहेरून रिबेट, सरळ रांगेत. प्रेम म्हणतो, भारी दिसतंय, डागडुजी केल्यासारखं! डागडुजीच केली आहे बाबा.

२६ जानेवारी

काल पुणं. गुडघ्यांना शेक देत लिहितोय.

भल्या पहाटे क्रूझर करून निघालो. मेळाव्याच्या दारातच घातलं. पोरं, पोरी, माझ्याएवढे फार थोडे. अमरनाथनं पट्टे आवळले. बोलत नव्हता फारसा. मग आत शिरलो आणि गर्दी दोन बाजूंना झाली. मला फक्त समोरचं दिसत होतं, बाकी सगळं कानांनी. अमरनाथ मागून कोपर धरून — 'पायरी. अजून येक. सपाट. डावीकडं वायर.' त्याचा आवाज हळूहळू बदलला. चौथ्या-पाचव्या पायरीला तो राग विसरला होता. स्टेजच्या मागं त्यानं नळी माझ्या तोंडात घातली आणि पाणी सांडलं, तर आपल्याच रुमालानं पुसलं.

स्टेजवर चौघं. श्रावस्तीचा आवाज रेकॉर्ड केलेला, कोरड्या ग्रहाची गोष्ट. टँकरची राखण करणारे धाराशिवचे! म्हटल्यावर खालून कुणीतरी शिट्टी मारली. आपल्याकडचाच कुणीतरी असणार. आम्ही फक्त चालायचं होतं, थांबायचं होतं, वळायचं होतं. मी वळलो. पत्र्याचा आवाज झाला, खणखणीत, फोमचा होत नाही. लोक गप्प झाले त्या आवाजानं. लई बरं वाटलं. एवढं बरं मला वर्कशॉपात निरोपाच्या दिवशीही वाटलं नव्हतं, तिथं तर हार घालून भाषणं केली होती.

बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. होतं त्यांचं चिलखत चांगलं, दोनाच्या जागी चार हात, सगळे हलणारे. मी त्यांचे सांधे बघून आलो. एका मुलीनं विचारलं, अंकल, टाकीत खरं पाणी आहे का? तोटी फिरवून दाखवली. सिद्धेश्वरनं आत बाटली बसवली होती गुपचूप! पाणी आलं. पोरगी किंचाळली.

घरी आलो तर केशरबाईनं फोनवर व्हिडिओ बघितलेला. श्रावस्तीनं पाठवला होता. कसा वाटला विचारलं. चाल बरी व्हती, म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यांसाठी पाणी तापवायला गेली.

२८ जानेवारी

हेल्मेटचं अस्तर घामानं खराब झालं होतं. ते काढून हिनं नवं शिवलं, मी बसवलं, फळीवर ठेवलं. परत हात लावला नाही.

३ फेब्रुवारी

बँकेत जाऊन आलो. हयातीचा काहीतरी कागद राहिला होता. आलो आणि शेडमध्ये गेलो. हेल्मेट फळीवरच, पण तोंड भिंतीकडं. मी असं ठेवत नाही. खाली घेतलं. हनुवटीचा पट्टा शेवटच्या भोकात ओढलेला, माझा दुसऱ्यात असतो. नव्या अस्तराला एक केस. हातभर लांब, निम्मा पांढरा. श्रावस्तीचे केस मानेपर्यंत.

केशरबाईचा.

खाली बसलो. मला कुणी विचारत नाही म्हणून दोन महिने धुमसलो मी.

टेप घेतली. स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. विचारलं, तुझ्यासाठी एक करू का? पस्तीस वर्षांत तिला असं काही विचारलेलं आठवत नाही. तिनं हात थांबवले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसले. मग माझ्याकडं पाठ करून ताठ उभी राहिली.

'आदी खांदं मोजा,' म्हणाली.